तान्ह्या बाळाची हिरवी उलटी आणि आतड्याला पडलेला पीळ: घरापासून ऑपरेशनपर्यंत काय करायचं

तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली, की आतड्याला पीळ पडलाय असंच धरून चालायचं आणि तपासणीत पीळ नाही असं दिसेपर्यंत स्वस्थ बसायचं नाही. लहान मुलांचे सर्जन हा नियम शिक्षणाच्या सुरुवातीलाच शिकतात. घरोघरी मात्र तो पोचलेला नाही. 'पित्त पडलं', 'दूध बाधलं', 'दृष्ट लागली' असं म्हणत एक रात्र जाते आणि या आजारात ती एक रात्र फार महाग पडते. पीळ वेळेत सुटला तर मूल थोड्याच दिवसांत दूध पीत घरी येतं आणि पुढे चारचौघा मुलांसारखं वाढतं. उशीर झाला तर सर्जन तेच असतात, ऑपरेशनही तेच असतं, पण पोट उघडल्यावर आतडं काळं निघतं.

हे सगळं आई-वडील, घरातल्या आजी, आशाताई आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे डॉक्टर यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. काही भाग डॉक्टरांसाठीचा आहे, पण पालकांनीही तो वाचावा. आपल्या बाळाला नळी का घातली, दूध का बंद केलं, हे कळलं की अर्धी भीती कमी होते.

आत नेमकं काय घडतं

गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना त्याचं आतडं इतक्या वेगाने वाढतं की पोटात मावत नाही आणि नाळेच्या मुळाशी बाहेर येतं. दहाव्या आठवड्याच्या सुमारास ते परत आत जातं. या येण्याजाण्यात ते आपल्या मुख्य रक्तवाहिनीभोवती घड्याळाच्या उलट दिशेने २७० अंश फिरतं. ही फेरी नीट पूर्ण झाली, की लहान आतड्याचं वरचं टोक पोटात डावीकडे वर बसतं. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं ती जागा, म्हणजे अपेंडिक्सची जागा, उजवीकडे खाली बसते. या दोन टोकांच्या मधला पडदा पोटाच्या मागच्या भिंतीला लांबलचक तिरका चिकटतो आणि त्याच पडद्यातून आतड्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जातात.

झोळीच्या दोन दोऱ्या एकमेकींपासून लांब बांधल्या तर झोळी झुलते, पण गरगर फिरत नाही. त्याच दोऱ्या एका कडीला जवळजवळ बांधल्या तर जरा धक्का लागला की झोळीला पीळ बसतो. आतड्याचंही तसंच आहे. फेरी अर्धवट राहिली तर दोन्ही टोकं जवळजवळ येतात, मधला पडदा अरुंद देठासारखा होतो आणि सगळं लहान आतडं त्या देठावर लोंबत राहतं. ते फिरलं की आतड्याची पोकळी बंद होते आणि देठातल्या रक्तवाहिन्याही आवळल्या जातात. आधी शिरा दबतात, आतडं सुजतं, मग धमनी बंद होते. त्यानंतर काही तासांत आतड्याचा जीव जातो. धोक्यात येतं ते बहुतेक सगळं लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग, म्हणजे अन्न पचवून रक्तात घेणारा जवळपास सगळा मार्ग.

फेरी अर्धवट राहण्याला डॉक्टर 'मालरोटेशन' म्हणतात आणि प्रत्यक्ष पीळ पडण्याला 'व्हॉल्व्ह्युलस'. फाइलवर हे दोन्ही शब्द दिसतील. मालरोटेशन जन्मजात असतं. आईने गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात काय केलं, बाळाला कसं उचललं, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे सासरी-माहेरी ठणकावून सांगायला हवं, कारण आजारी बाळाच्या आईवर ठपका ठेवायला आपल्याकडे वेळ लागत नाही.

लक्षणं दिसणारं मालरोटेशन साधारण ६,००० जन्मांमागे एका बाळात आढळतं, असं पाठ्यपुस्तकांत दिलेलं असतं. पीळ पडण्याचा सर्वांत मोठा धोका पहिल्या महिन्यात, त्या खालोखाल पहिल्या वर्षात असतो. पण शाळकरी मुलाला आणि मोठ्या माणसालाही पीळ पडू शकतो. बेंबीतून किंवा बेंबीशेजारून आतडं बाहेर घेऊन जन्मलेली बाळं, छाती-पोटामधल्या पडद्याला भोक असलेली बाळं आणि ज्यांच्या पोटातले अवयव डावे-उजवे उलटसुलट आहेत अशी बाळं, यांच्यात आतड्याची ठेवण बिघडलेली असण्याची शक्यता खूपच जास्त असते.

पहिली पायरी: उलटीचा रंग पाहा, आणि नीट पाहा

बाळं दूध टाकतातच. पाजल्यावर ढेकर देताना ओठांच्या कडेने आलेली पांढरी गुळणी किंवा फाटलेल्या दुधासारखी, दह्याच्या गुठळ्यांसारखी उलटी बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. पहिल्या दिवसांत चीक प्यायलेल्या बाळाची उलटी पिवळसर दिसू शकते. हिरव्याची गोष्ट वेगळी आहे. पित्त यकृतातून आतड्यात जिथे उतरतं, त्याच्या पुढे वाट अडली की ते माघारी जठरात येतं आणि उलटीतून बाहेर पडतं. त्यावेळी ते पोपटी, शेवाळी किंवा गडद हिरवं असतं.

घोटाळा होतो तो इथेच. पित्त म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर पिवळा रंग येतो. मोठ्या माणसाला आम्लपित्तात कडू पिवळी उलटी होते, ती सगळ्यांनी पाहिलेली असते. म्हणून बाळाने हिरवं टाकलं तरी 'पित्त पडलं, आता बरं वाटेल' असं म्हटलं जातं. डॉक्टरांना फोनवर सांगतानाही 'जरा पिवळसर उलटी झाली' एवढंच सांगितलं जातं आणि ऐकणारा निश्चिंत होतो.

म्हणून उलटी पांढऱ्या सुती कापडावर घ्या आणि खिडकीशी किंवा दारात, दिवसाच्या उजेडात पाहा. रात्र असेल तर पांढऱ्या दिव्याखाली पाहा. पिवळ्या बल्बखाली हिरवा रंग ओळखू येत नाही. मोबाईलवर फोटो काढा, पण कापडही प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या, कारण फोटोत रंग बदलतो. रंगाबद्दल घरात दुमत झालं तर हिरवा म्हणणाऱ्याचं ऐकायचं. आणि हिरवी उलटी एकदाच झाली म्हणून दुसरीची वाट पाहायची नाही.

हिरवी उलटी झालेल्या प्रत्येक बाळाला पीळ असतो असं मुळीच नाही. बऱ्याच बाळांच्या तपासणीत काहीच निघत नाही. काहींना जंतुसंसर्ग निघतो, काहींच्या आतड्यात जन्मजात दुसरा अडथळा असतो. पण बाहेरून पाहून हे ओळखता येत नाही, अनुभवी डॉक्टरांनाही नाही. तपासणी 'नॉर्मल' आली तर दगदग फुकट गेली असं मानू नका. तेवढ्यासाठीच तर ती करायची असते.

दुसरी पायरी: मऊ पोटावर भरवसा ठेवू नका

आतडं अडलं की पोट फुगतं, असा सर्वसाधारण समज आहे. या आजारात अडथळा फार वरच्या बाजूला असतो, त्यामुळे खाली हवा साचायला जागाच नसते. सुरुवातीचे तास बाळाचं पोट मऊ आणि सपाट असतं. शीदेखील होऊ शकते, कारण खालच्या आतड्यात आधीचा मळ असतो. तपासणाऱ्या डॉक्टरांचा हात पोटावर फिरतो, काहीच लागत नाही, आणि बाळाला घरी पाठवण्याचा मोह होतो. हिरव्या उलटीचा इतिहास असेल तर मऊ पोट पाहून बाळाला घरी पाठवू नये. मला विचाराल तर या अख्ख्या आजारातली सर्वांत फसवी गोष्ट हीच आहे.

नंतरची लक्षणं अशी: बाळ आधी किंचाळून रडतं, पाय पोटाशी घेतं, मग एकदम गप्प होतं आणि मलूल पडतं. दूध ओढत नाही. त्वचा फिकट, करडी दिसते, हातपाय गार पडतात, लंगोट तासन्‌तास कोरडा राहतो, श्वास भराभर चालतो. पोट आता फुगतं, ताठ होतं, त्यावर लालसर-निळसर छटा येते. शीतून रक्त किंवा रक्ताळलेला शेंब पडतो. रक्त दिसलं याचा अर्थ आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा सुरू झाली आहे. इथवर थांबायचंच नाही.

सहा महिने ते दोन-तीन वर्षांच्या मुलात थांबून थांबून कळा येत असतील आणि लाल जेलीसारखी शी होत असेल, तर आतड्यात आतडं शिरण्याची शक्यता जास्त असते. तो वेगळा आजार आहे, पण तोही तातडीचाच. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाला जोरदार, लांब उडणारी, पण पांढरी दुधाची उलटी होत असेल तर जठराचं तोंड आकसलेलं असू शकतं. तिथे थोडी सवड असते. रंग पाहण्याचं महत्त्व यावरूनही कळेल.

तिसरी पायरी: घरी काय करायचं आणि काय टाळायचं

पाजणं थांबवा. अंगावरचं नाही, वरचं नाही, पाणी नाही, गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही, उलटीचं औषधही नाही. आत गेलेला प्रत्येक थेंब परत वर येतो आणि श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढवतो. शिवाय पुढे भूल द्यायची असते, तेव्हा पोट रिकामं असलेलं बरं. भुकेलं बाळ रडतं आणि आईच्याने पाहवत नाही, हे खरं आहे. तरीही पाजायचं नाही.

बाळाला एका कुशीवर धरा, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही. ऊब द्या. आईच्या छातीला उघडं लावून वरून चादर गुंडाळणं सर्वांत चांगलं, डोक्यावर टोपी हवी. गरम पाण्याची बाटली अंगाजवळ ठेवू नका. नवजात बाळाची कातडी लगेच भाजते.

पोट चोळायचं नाही, तेल लावून दाबायचं नाही. 'बेंबी सरकली' म्हणून बेंबीभोवती हात फिरवणारी माणसं गावोगावी आहेत. त्यांच्याकडे बाळाला नेऊ नका. मेळघाटात फुगलेल्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. ज्या आजीने हे केलं तिचीही नातवाच्या काळजीनेच झोप उडालेली असते, म्हणून तिच्यावर ओरडून उपयोग नाही. पण पीळ आत, पडद्याच्या देठाला असतो. कातडी भाजून तो सुटत नाही, उलट बाळाच्या दुखण्यात भाजल्याच्या जखमा आणि जंतुसंसर्गाची भर पडते. अशा कुटुंबांत शिरकाव असलेल्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांनी 'हिरवी उलटी म्हणजे १०८' एवढं एक वाक्य घरोघर पोचवलं, तरी मोठं काम होईल.

निघताना सोबत घ्या: उलटीचं कापड, लंगोट, जन्माची फाइल किंवा डिस्चार्ज कार्ड, आईचे गरोदरपणातले सोनोग्राफीचे कागद, रेशनकार्ड, आधार. एखादा कागद सापडत नसेल तर शोधत बसू नका.

चौथी पायरी: कुठे न्यायचं आणि काय सांगायचं

जवळच्या दवाखान्यात सलाईन आणि नळी लागू शकते, पण ऑपरेशन होईलच असं नाही. नवजात बाळाला भूल देणारे डॉक्टर, लहान मुलांचे सर्जन आणि नवजात अतिदक्षता विभाग, हे तीनही एका छताखाली असलेल्या ठिकाणी बाळ पोचायला हवं. मुंबईत परळचं वाडिया, केईएम आणि सायन, पुण्यात ससून, नागपुरात 'मेडिकल' म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज ही अशी सार्वजनिक क्षेत्रातली किंवा धर्मादाय ठिकाणं आहेत. मोठ्या शहरांत खासगी रुग्णालयांतही सोय असते. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत आहे. फोन करताना 'बाळ आजारी आहे' एवढ्यावर थांबू नका, 'नवजात बाळ आहे, हिरवी उलटी झाली आहे, ऑक्सिजन आणि डॉक्टर हवेत' असं सांगा.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात हे सांगा: 'बाळ इतक्या दिवसांचं आहे, अमुक वाजता हिरवी उलटी झाली, हे कापड पाहा.' मग शेवटचं दूध कधी घेतलं, शी-शू कधी झाली, जन्मल्यावर पहिली काळी शी चोवीस तासांत झाली होती का. आणि हा प्रश्न नम्रपणे पण नेमका विचारा: 'पीळ आहे का हे पाहायची सोनोग्राफी किंवा औषध पाजून काढायचा एक्स-रे इथे आत्ता होईल का? होणार नसेल तर कुठे पाठवाल?' 'सकाळी मोठे डॉक्टर आल्यावर बघू' हे उत्तर हिरव्या उलटीसाठी मान्य करू नका.

खर्चाच्या धास्तीने पाय मागे घेऊ नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेले असतात, त्यांना लगेच गाठा. तातडीच्या ऑपरेशनसाठी फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय या योजनेत आहे, कागद मागाहून पुरे करता येतात. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार आणि नेआण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत.

पाचवी पायरी: पहिल्या दवाखान्यातले उपचार

हा भाग तालुक्याच्या डॉक्टरांसाठी. मोठ्या ठिकाणी पाठवण्याआधी फार वेळ घालवायचा नाही, पण पुढच्या गोष्टी केल्याशिवाय बाळ गाडीत घालायचंही नाही. नाकातून किंवा तोंडातून जठरात नळी घाला. नवजात बाळाला ८ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) तरी हवी, बारीक नळी गुठळ्यांनी तुंबते. ती पिशवीला जोडून उघडी ठेवा आणि अधूनमधून सिरिंजने ओढत राहा. नळीतून हिरवं आलं तर निदानाला बळ मिळतं. शिरेत सुई लावा. बाळ मलूल, हातपाय गार, त्वचा दाबून सोडल्यावर रंग परतायला (केशिका भरायला) तीन सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल तर किलोमागे १० ते २० मिलीलिटर नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट द्या, पुन्हा तपासा, गरज असेल तर पुन्हा द्या. तीन किलोच्या बाळाला हे ३० ते ६० मिलीलिटर होतं. रक्तातली साखर तपासा. कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ मिलीलिटर द्या. आतड्यातल्या जंतूंना आवर घालणारी प्रतिजैविकं शिरेतून सुरू करा. जन्माच्या वेळी व्हिटॅमिन के दिलं होतं का ते पाहा, नसेल तर द्या. बाळ गरम ठेवा.

आणि ज्या सर्जनकडे पाठवताय त्यांना स्वतः फोन करा. चिठ्ठीवर 'व्हॉमिटिंग' एवढंच लिहिलं तर बाळ बालरोग विभागाच्या रांगेत बसतं. 'हिरवी उलटी, पीळ असल्याची शंका' असं लिहिलं आणि सांगितलं, तर ऑपरेशन थिएटर तयार ठेवता येतं.

सहावी पायरी: निदान

साधा एक्स-रे प्रत्येक ठिकाणी निघतो, पण पीळ असूनही तो अगदी सरळ दिसू शकतो. कधी जठर फुगलेलं आणि पुढे हवा तुरळक दिसते, कधी पोटात हवाच नसते. एक्स-रे चांगला आला म्हणून पुढची तपासणी थांबवायची नाही.

सोनोग्राफीचा भरवसा गेल्या काही वर्षांत बराच वाढला आहे. तीत तीन गोष्टी पाहतात. आतड्याची मुख्य शीर साधारणपणे धमनीच्या उजवीकडे असते, मालरोटेशनमध्ये ती डावीकडे किंवा पुढे सरकलेली असू शकते. शीर आणि पडदा धमनीभोवती घड्याळाच्या दिशेने गुंडाळले गेले असतील तर डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, रंगीत भोवरा दिसतो. तो दिसला की आणखी पुरावा शोधायची गरज नाही, थिएटरकडे निघायचं. तिसरी गोष्ट म्हणजे जठरापुढच्या आतड्याचा आडवा भाग धमनी आणि महाधमनीच्या मधून जातो की नाही. मशीन धरणारा हात तरबेज असेल तर ही तपासणी खाटेवर, बाळाला न हलवता, काही मिनिटांत होते. हात तरबेज नसेल तर 'काही दिसलं नाही' याला अर्थ नाही.

त्यामुळे अनेक ठिकाणी अजूनही शेवटचा शब्द असतो तो जठरात नळीवाटे क्ष-किरणांना दिसणारं औषध सोडून घेतलेल्या चित्रांचा. औषध जठरातून पुढे जाताना सरळ समोरून आणि बाजूने चित्रं घेतात. आतड्याचा पहिला वळणबिंदू पाठीच्या कण्याच्या डाव्या बाजूला, जठराच्या मुखाच्या उंचीपर्यंत गेला पाहिजे. तो कण्यावर किंवा उजवीकडे, खाली राहिला तर मालरोटेशन. औषध चोचीसारखं निमुळतं होऊन थांबलं किंवा मळसूत्रासारखं गोल गोल खाली उतरलं तर पीळ. कधी फुगलेल्या आतड्याने वळणबिंदू खाली ढकललेला असतो आणि चित्र संभ्रमात टाकतं. अशा वेळी सर्जन आणि क्ष-किरण तज्ज्ञ यांनी एकत्र बसून पाहिलेलं बरं. गुदद्वारातून औषध सोडून काढलेलं चित्र एकटं पुरत नाही, कारण मालरोटेशन असूनही अपेंडिक्सची बाजू जागेवर असू शकते.

रक्ताच्या तपासण्या बाळाची अवस्था सांगतात, निदान करत नाहीत. लॅक्टेट, म्हणजे रक्तपुरवठा तुटला की रक्तात वाढणारा पदार्थ, सुरुवातीला साधं येऊ शकतं. रक्तगट आणि रक्ताची जुळणी मात्र लगेच पाठवा.

एक अपवाद कायम लक्षात हवा. हिरवी उलटी, ताठ पोट, रक्ताची शी आणि शॉक (रक्ताभिसरण कोलमडणं) असलेलं बाळ समोर असेल तर कुठलीच चित्रं काढत बसायचं नाही. सलाईन, प्रतिजैविकं आणि रक्ताची तयारी चालू ठेवून थेट ऑपरेशन. 'रिपोर्ट न बघता कसं कापता?' असं नातेवाईक विचारतात. त्यांचं बरोबर आहे, त्यांना भीती वाटत असते. पण अशा वेळी संमतीपत्रावर झटकन सही करणं ही बाळाला घरच्यांनी केलेली सर्वांत मोठी मदत असते.

सातवी पायरी: ऑपरेशन

या ऑपरेशनला 'लॅड्स प्रोसिजर' म्हणतात. बोस्टनच्या लहान मुलांच्या रुग्णालयातले सर्जन विल्यम लॅड यांनी १९३० च्या दशकात ते मांडलं आणि त्याचा गाभा आजही तोच आहे.

बेंबीच्या वर आडवा छेद घेऊन सर्जन सगळं आतडं अलगद बाहेर घेतात. ते जांभळं, सुजलेलं, कधी काळपट असतं आणि पोटात दुधाळ किंवा रक्ताळ पाणी असतं. पीळ बहुधा घड्याळाच्या दिशेने पडलेला असतो, म्हणून आतड्याचा अख्खा जुडगा दोन्ही तळहातांवर धरून उलट दिशेने फिरवतात. कधी एक फेरा, कधी दोन, कधी तीन, देठ सरळ दिसेपर्यंत. मग कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात आतडं झाकून वाट पाहतात. दहा-पंधरा मिनिटांनी कापड उचललं की जिवंत भागावर गुलाबी रंग चढू लागलेला दिसतो, देठातल्या वाहिन्यांची धडधड हाताला लागते, आतडं मुंगीच्या गतीने हलू लागतं. थिएटरमधली सगळी माणसं त्या रंगाकडे डोळे लावून असतात.

त्यानंतर अपेंडिक्सच्या बाजूकडून उजव्या भिंतीकडे जाणारे आणि वाटेत जठरापुढचं आतडं दाबून धरणारे पातळ पट्टे कापतात. त्यांनाही 'लॅड्स बँड' असंच नाव आहे. पडद्याचा अरुंद देठ उघडून शक्य तेवढा रुंद करतात, कारण पुन्हा पीळ पडू नये याची खरी हमी तीच. जठरापुढच्या आतड्यातून नळी सरकवून आत वाट अडवणारा दुसरा पातळ पडदा नाही ना ते पाहतात. अपेंडिक्स बहुधा काढून टाकतात. मग सगळं लहान आतडं उजवीकडे आणि मोठं आतडं डावीकडे ठेवून पोट बंद करतात. आतड्याला निसर्गाच्या जागेवर बसवत नाहीत, टाक्यांनी बांधूनही ठेवत नाहीत. हे ऐकून पालक चक्रावतात. पण या मांडणीत दोन टोकं एकमेकांपासून सर्वांत लांब राहतात आणि आतड्याचं काम व्यवस्थित चालतं.

काळा पडलेला भाग थोडा असेल तर तो काढून टोकं जोडतात किंवा तात्पुरती पोटावर काढतात. बराच भाग धड जिवंत नाही, धड मेलेला नाही असा असेल, तर सर्जन घाई करत नाहीत. पीळ सोडवून पोट तात्पुरतं बंद करतात आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा उघडून पाहतात. दुसऱ्यांदा पोट उघडणार म्हणजे काहीतरी चुकलं, असं समजू नका. बाळाच्या आतड्याचा एक-एक सेंटिमीटर मोलाचा असतो आणि ही दुसरी भेट तो वाचवण्यासाठीच असते.

दुर्बिणीतून हे ऑपरेशन करता येतं, विशेषतः पीळ पडलेला नसताना. पण दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पीळ पुन्हा पडण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. तान्ह्या बाळात आणि पीळ पडलेला असताना उघड्या ऑपरेशनचाच आग्रह अनेक सर्जन धरतात आणि मला तो पटतो.

आठवी पायरी: नंतरचे दिवस

आतडं वाचलं असेल तर नळीतून येणारं हिरवं पाणी हळूहळू कमी होतं, शी होते आणि काही दिवसांत चमचा-चमचा दूध सुरू होतं. तोवर आईने दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध पिळून काढत राहायचं. ते साठवता आलं तर उत्तम, नाही आलं तरी काढायचं, म्हणजे दूध आटत नाही. ऑपरेशन झालेल्या आतड्याला आईच्या दुधाइतकं मानवणारं दुसरं काही नाही.

बरंच आतडं गेलं असेल तर वाट लांबची असते. शिरेतून पोषण द्यावं लागतं, त्या नळीला जंतुसंसर्ग होतो, यकृतावर ताण येतो. उरलेलं आतडं महिनोन्‌महिने वाढतं आणि काम शिकतं, तान्ह्या बाळात ही ताकद मोठ्यांपेक्षा जास्त असते. लहान-मोठ्या आतड्यामधली झडप शाबूत आहे का आणि किती सेंटिमीटर लहान आतडं उरलं, या दोन गोष्टी सर्जनकडून लिहून घ्या. पुढचा प्रत्येक डॉक्टर तेच विचारणार आहे. अशा बाळांसाठी घरी शिरेतून पोषण देण्याची व्यवस्था आपल्याकडे तुटपुंजी आणि महाग आहे, म्हणून त्यांना पहिल्यापासूनच मोठ्या केंद्राशी जोडून ठेवावं.

घरी गेल्यावर पुन्हा पीळ पडण्याचा धोका कमी असला तरी शून्य नसतो. पोटात आतडी एकमेकांना चिकटून अडथळा होण्याचा धोका तर वर्षांनंतरही राहतो. ऑपरेशन झालेल्या मुलाचं पोट फुगलं, शी-हवा बंद झाली, हिरवी उलटी झाली तर परत लगेच सर्जनकडे जायचं. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव आणि अपेंडिक्स काढलं की ठेवलं हे स्पष्ट लिहून घ्या. ठेवलं असेल तर ते आता डावीकडे आहे आणि उद्या त्याला सूज आली तर दुखणं डावीकडे होईल. मूल मोठं झालं की त्यालाही हे सांगून ठेवा.

मोठ्या मुलातला लपलेला पीळ

शाळकरी मुलात हा आजार वेगळ्या रूपात येतो. जेवल्यावर पोटात दुखतं, अधूनमधून उलट्या होतात, दोन दिवसांत आपोआप थांबतात, महिनाभराने पुन्हा तेच. मूल जेवायला घाबरतं, वजन वाढत नाही, कधी शी पातळ होते. आतडं अर्धवट पिळतं आणि आपोआप सुटतं, म्हणून मधल्या काळात सगळ्या तपासण्या चांगल्या येतात. जंताचं औषध होतं, गॅसचं होतं, शेवटी 'शाळेत जायचं नाही म्हणून नाटक करतो' असा शिक्का बसतो. त्या उलट्यांमध्ये कधी हिरवं पडतं का, हे या मुलाला स्वतःला विचारा. मोठं मूल संडासात जाऊन उलटी करतं, त्यामुळे घरच्यांनी रंग पाहिलेलाच नसतो.

अशा मुलाची सोनोग्राफी दुखत असतानाच करून घ्यायची आणि चिठ्ठीवर 'आतड्याच्या शिरा-धमनीची जागा पाहावी' असं लिहून घ्यायचं. नुसतं 'पोटाची सोनोग्राफी' लिहिलं तर यकृत, मूत्रपिंड पाहून अहवाल येतो. शंका राहिली तर औषध पाजून काढायची चित्रं.

दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत मालरोटेशन सापडलं आणि मुलाला कसलाच त्रास नाही, अशीही वेळ येते. लहान मुलात बहुतेक सर्जन ठरवून ऑपरेशन करण्याचा सल्ला देतात, कारण पीळ कधी पडेल हे सांगता येत नाही. मोठ्या, निरोगी मुलात किंवा हृदयाचा गंभीर जन्मजात दोष असलेल्या बाळात ऑपरेशनचा धोका आणि पिळाचा धोका दोन्ही मांडून निर्णय घ्यावा लागतो आणि यावर सर्जनांमध्येही मतभेद आहेत. दुसरं मत घ्यायला इथे वेळ असतो, तो घ्यावा. ऑपरेशन लांबवायचं ठरलं तर मुलाच्या दप्तरात आणि शाळेच्या नोंदीत निदानाची चिठ्ठी ठेवावी आणि ज्या गावी सुट्टीला जाणार, तिथून सर्वांत जवळचा लहान मुलांचा सर्जन कुठे आहे हे आधीच विचारून ठेवावं.